अर्फेबुवाचं शेवटचं कडवं

घाटनांदूरच्या महादेवाच्या देवळात माझ्या तरुणपणी उत्तरेश्वर गुरव सनई वाजवत असे. त्याच्याबद्दल कुणी लिहिलेलं नाही, आणि लिहिण्यासारखं त्यानं काही केलं असं गावाला वाटतही नाही. मी लिहिणारा माणूस नव्हे. आमचं किराण्याचं दुकान, हाताला सवय तराजूची. पण त्याच्या भजनात मी टाळ धरायचो, आणि त्या मंडळीतला आता मी एकटाच उरलो आहे. कुठं चुकलं तर ते माझं समजावं.

उत्तरेश्वर उंचीनं बेताचा, मानेत थोडा पुढं झुकलेला. सनई वाजवणाऱ्यांचे गाल सैल पडतात तसे त्याचे पडले होते, त्यामुळं तो वाजवत नसतानाही फुंकतोय असं वाटायचं. आमचा पखवाजवाला आश्रुबा त्याला म्हणायचा, "उत्तऱ्या, तोंड मिट बे, समदं वारं संपून जाईल." उत्तरेश्वर नुसता हसायचा. तो कुणाशी भांडल्याचं मला आठवत नाही. त्याच्या वाटणीचं भांडण त्याची बायको गंगासागर करायची. सकाळी तो नगारखान्यात चढायचा आणि सनईची पत्ती ओठात धरून ओली करत बसायचा. खाली अंगण झाडणारी गंगासागर झाडू थांबवून ओरडायची, "अवो, देवानं उठून तोंड धुतलं की! वाजवा आता!" मग तो वाजवायचा. आश्रुबा म्हणायचा, देवाला काय वाजवतो ते देवाला ठाऊक, पण पहिला सूर बायकोच्या भ्यानं निघतो.

त्यांना मूल नव्हतं. त्याबद्दल बोलणारे लोक होते, पण गंगासागरसमोर बोलायची कुणाची छाती नव्हती.

निजामाच्या राज्यात तेव्हा गाठीचा रोग फिरून फिरून यायचा. घरात उंदीर पडायला लागले की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालत आणि पाऊस लागेपर्यंत तिथंच राहत. त्या सालीही आम्ही माळावर होतो. गंगासागरला काखेत गाठ आली आणि ती तापातच गेली. शेवटी शेवटी तिला माणूस ओळखू येत नव्हतं. उत्तरेश्वर उशाला बसलेला असायचा, आणि ती त्यालाच विचारायची, "गुरव कुठं गेला? सांजच्याला वाजवलं न्हाई त्यानं."

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. एरवी सगळा समाज जमतो, शंख वाजतो, बेल-भस्म असतं. त्या दिवसांत कुणी येईना. आश्रुबा मराठ्याचा, पण तो आला. मी आलो, भावकीतले एकदोघं आले. खड्डा घाईत खणलेला, म्हणून उथळच होता. वर बोराटीचे काटे टाकले आणि आम्ही निघालो.

माती देऊन निघालं की हातपाय धुवेपर्यंत मागं बघायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बघितलं तर गेलेलं माणूस मधेच अडकतं, इकडचंही राहत नाही आणि तिकडंही पोचत नाही, असं मानतात. उत्तरेश्वर सगळ्यांच्या मागून चालत होता. माळावर त्या साली कोल्हे फार झाले होते. काटे नीट बसलेत का, एवढंच त्याला बघायचं होतं. त्यानं मान वळवली.

आश्रुबाच्या ते ध्यानात आलं. "काय केलंस बे हे!" तो ओरडला. ओरडला नसता तर कदाचित कुणाला कळलंही नसतं.

त्याच आठवड्यात गंगासागरचा भाऊ गेला. तो त्यांच्या आईचा, मंजुळाबाईचा, एकुलता एक मुलगा होता. लोकांनी दोन्ही गोष्टींची सांगड घातली. तोंडावर कुणी बोललं नाही, पण उत्तरेश्वर आडावर आला की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. मंजुळाबाईला आता कुणी उरलं नव्हतं. उत्तरेश्वर तिच्या गावी गेला आणि तिला गाडीत बसवून आपल्या घरी घेऊन आला. जावयाच्या घरी सासू राहते, हे आमच्या भागात कुणाला पटण्यासारखं नव्हतं. त्यावरही लोक हसले. म्हातारीनं लेकीची चूल पेटवली आणि ती तिथं राहिली. जावयानं मागं वळून बघितलं होतं, हे तिलाही कळलंच असणार. तिनं कधी विषय काढला नाही.

गाव माळावरून परत आलं तरी उत्तरेश्वर सनईला हात लावीना. देवळाचे मानकरी भगवानराव देशमुख होते. त्यांनी त्याला बोलावून सांगितलं, "उत्तरेश्वर, तुझं दुख आमाला कळतंय. पर देवाचं कशापायी थांबवायचं? तुझ्यानं होत नसंल तर तुझा चुलतभाऊ त्रिंबक हाय." तेव्हा त्यानं सनई काढून बघितली. पत्ती वाळून चिरली होती. नवीन पत्त्या घ्यायला तो अंबाजोगाईला गेला.

अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. तिथं घोडदळाची छावणी होती आणि छावणीचा बँड होता. बँडचा मास्तर मिंगेल नावाचा गोव्याचा किरिस्ताव. एका सावकाराच्या लग्नाच्या वरातीत पुढं बँड आणि मागं सनई असे ते दोघं एकत्र वाजवत गेले होते, तेव्हापासूनची ओळख. दिवसभर बाजार झाल्यावर उत्तरेश्वर मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसला. बँडचा सराव चालला होता. पितळी वाद्यांचा गलका एकदम थांबला आणि एकटी बासरी वाजू लागली. ही सगळी हकिगत त्यानं मला पुढं दुकानात बसून इतक्यांदा सांगितली की मी तिथं होतो असंच मला वाटतं.

सराव संपल्यावर तो मास्तरकडं गेला. "मास्तर, ते बासरीचं. त्यात कोन मेलंय?"

मिंगेलनं त्याच्याकडं बघितलं. "तुला कोणी सांगितलं?"

"आयकू येतंय की."

मिंगेलनं टोपी काढून लिंबाच्या मुळीवर बैठक मारली. "एक गाणारा होता रे बाबा. लई जुनी गोष्ट, आमच्या येशूच्याही आधीची. यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, मुलखातली. ऑर्फेव त्याचं नाव. तो गायला लागला की झाडं जवळ सरकायची, वाघ बसून ऐकायचा. त्याची बायको साप चावून मेली. हा काय करतो, वाद्य घेऊन थेट मेलेल्यांच्या राजाकडे जातो."

"यमाकडं?"

"यमच म्हण. तिथं असा गातो की यमाच्या डोळ्याला पाणी येतं. यम म्हणतो, जा, घेऊन जा बायकोला. ती तुझ्या मागून चालेल. पण वर उजेडात पोचेपर्यंत तू मागं वळून बघायचं नाही."

मिंगेल पुढं सांगत राहिला. "चढण लांब. मागं पाऊल वाजत नाही. येते की नाही? फसवलं तर नसेल? शेवटच्या पावलाला त्याला राहवलं नाही."

"बघितलं त्यानं," उत्तरेश्वर म्हणाला.

"बघितलं. ती तिथूनच मागं गेली. संपलं."

"मंग आता तुमी शेवटाला वाजवलं ते कशाचं? त्यात तर समदी नाचाय लागल्यावानी वाटलं."

मिंगेल हसला. "कान आहे तुला. ज्यानं हे बसवलं त्यानं शेवट बदलला. राजाच्या घरी सण होता. राजासमोर मरणावर कसं थांबणार? मग एक देव आणला आणि बायको परत दिली. या एका माणसावर तिकडच्या लोकांनी तीनशे वर्षं गाणी बांधलीत, बाबा. कोणी रडून संपवतो, कोणी नाचून."

उत्तरेश्वरला घरी परतायचं होतं, पण मिंगेलला आता बोलायचा हुरूप आला होता. त्याच मुलखात एका रानातल्या देवानं एका पोरीचा पाठलाग केला, ती घाबरून नदीकाठचा बोरू झाली, आणि देवानं तोच बोरू कापून त्याची बासरी केली. "म्हंजी फुकतोय ती पोरगीच की," उत्तरेश्वर म्हणाला, आणि हातातल्या बोरूच्याच नव्या पत्त्यांकडं बघत राहिला. दुसरा एक पावा वाजवणारा होता, तो देवाबरोबर पैज लावून वाजवायला बसला, तर देवानं त्याची जिवंतपणी कातडी सोलली.

"देव आसून?"

"देव असून. त्याच्यावरही लोकांनी चाली बांधल्या आहेत."

"तुमच्या तिकडं वाजवनारांचं बरं हुतच न्हाई काय मास्तर?"

मिंगेलनं टोपी डोक्यावर घातली. "इकडे होतं का रे?" तो म्हणाला.

त्यानंतर आषाढभर उत्तरेश्वर ते आख्यान बांधत होता. सनई पुन्हा सुरू झाली, म्हणून भगवानराव खूश. आख्यानात त्यानं गाणाऱ्याचं नाव अर्फेबुवा ठेवलं, बायकोला नावच दिलं नाही. नुसती 'अस्तुरी', म्हणजे घरधनीण. ऐकलेली गोष्ट आमच्याकडं रुजावी म्हणून त्यानं काही बदललं असेल असं मला वाटलं होतं, पण बदललं फार थोडं. त्याचं म्हणणं, यवनांनाही माती दिल्यावर मागं न बघण्याची रीत ठाऊक असणार, एरवी ही अट यमाला सुचली कुठून? गोष्ट आपलीच आहे, फक्त तिकडं जाऊन आली. मला यातलं काही कळत नाही, पण तेव्हा ते मला खरं वाटलं.

चढणीचं कडवं त्यानं पहिल्यांदा दुकानाच्या फळीवर बसून, हलक्या आवाजात मला म्हणून दाखवलं:

वाट अंधारी चढणीची, पुढं मी गं मागं तू,
पाऊल तुझं वाजंना, येतीस का राहिलीस तू?

आणि मग शेवटचं:

कुनी न्हाई नेली तुला, ना यमानं ना रातीनं,
वळून पाह्यलं म्या गं, नेली माझ्या डोळ्यानं.

"हे म्हणणार लोकांसमोर?" मी विचारलं.

"लोकांसमोर न्हाई म्हनायचं. तिला म्हनायचंय." तो मिठाच्या पोत्याकडं बघून बोलत होता. "ती मधीच अडकली आसंल तर तिला कळाय नको का, कावून अडकली म्हून? तिला वाटत आसंल, गुरवानं सांजच्याला वाजवलं न्हाई म्हून. एकदा देवासमोर खरं म्हनून टाकलं की सुटंल ती. मला तोंडानं बोलाय येत न्हाई, तुला ठावं हाय."

"मग घरात म्हण की."

"घरात मंजुळाआत्या हायती."

सासूला तो आत्या म्हणायचा. त्याला ते कडवं पुरं म्हणायचं होतं, देवासमोर, एकदा. त्यापलीकडं त्याची काही अपेक्षा नव्हती.

श्रावणातल्या सोमवारी तिसऱ्या प्रहरी देवळात भजन असायचं. सभामंडप भरलेला. भगवानराव खांबाला टेकून बसलेले. बायांमध्ये पुढं मंजुळाबाई. उत्तरेश्वरनं आख्यान लावलं. जिथं अर्फेबुवा यमासमोर वाजवतो तिथं त्यानं गाणं थांबवून सनई उचलली. आश्रुबा पखवाजावरचा हात काढून गप्प बसला, तशी त्याची सवय नव्हती. मंडपातली माणसं पुढं सरकली. मला ती झाडांची गोष्ट आठवली.

आमच्याकडं आख्यान मंगल केल्याशिवाय उठत नाहीत. गोष्ट संपत आली असं दिसलं की बाया आरतीचं ताट पेटवतात. एकदा ताटात ज्योत लागली की त्यापुढं मरणाचं, अशुभाचं बोलायचं नाही, देव बघतोय. चढणीचं कडवं निम्म्यावर आलं आणि बायांना वाटलं, आता घर जवळ आलं. मंजुळाबाईनं स्वतःच्या हातानं ताट पेटवलं.

उत्तरेश्वर थांबला. आम्ही टाळ धरून राहिलो. खांबाकडून भगवानराव म्हणाले, "चल, आन तिला घरी. मंगल कर."

त्यानं ज्योतीकडं बघितलं. मग त्याच चालीवर, अडखळत, त्यानं महादेवाला बोलावलं. महादेवानं यमाला दटावलं, अट मोडून काढली, आणि अस्तुरी घरात आली. लोकांनी असा गजर केला की देवळावरची कबुतरं उडाली. आरती झाली. मंजुळाबाई ताट घेऊन त्याच्यापाशी आली आणि सगळ्यांसमोर तिनं त्याला ओवाळलं. "आनली की वो जावईबापू," ती म्हणाली. "तुमी आनली."

आश्रुबा बाहेर आल्यावर म्हणाला, "उत्तऱ्या, लई झ्याक झालं बे! मला वाटलं तू तिला तितंच ठिवतूस."

"मी ठिवलीच होती," उत्तरेश्वर म्हणाला.

ते आख्यान पसरलं. परळीकडून, धारूरकडून बोलावणी आली. लग्नात, जावळात, सत्यनारायणाला, जिथं तिथं अर्फेबुवा. गावोगावचे लोक ताट तयार ठेवूनच बसायचे. उत्तरेश्वरनं युक्त्या केल्या. चढणीचं कडवं लवकर उरकून शेवटाकडं झेप घ्यायची. पण लोकांना आता गोष्ट पाठ, ते त्याच्याआधी ज्योत लावायचे. मग उलट, इतकं सावकाश म्हणायचं की निरांजन विझावं. तर कुणीतरी तेल घालायचं. आश्रुबा तिथंच बसून कुरकुरायचा, "अस्तुरी येईस्तोवर घानीतलं तेल सरंल बे, चाल जरा बिगीबिगी." लोक हसायचे. उत्तरेश्वरही हसायचा. आणि प्रत्येक वेळी महादेव यायचा आणि ती घरी यायची.

मंजुळाबाई जमेल तिथं गाडीत बसून बरोबर यायची. तिला कमी दिसायला लागलं होतं. आख्यान चालू असताना ती पहिल्या रांगेत बसायची आणि शेवटाला तिचा चेहरा असा व्हायचा की तिच्याकडं बघणं अवघड जायचं. परतताना ती गाडीत शांत झोपायची. उत्तरेश्वरला झोप नसायची. एकदा तो मला म्हणाला, "रोज आनतो मी तिला. रोज घरी जाऊन बघतो तर चुलीपाशी आत्याच."

अशी काही वर्षं गेली. मग कार्तिकात भगवानरावांनी ठरवलं की कपिलधारच्या यात्रेत आपल्या गावाचं भजन व्हायला पाहिजे. तिथं आमच्या समाजाची माणसं लांबलांबून येतात, सगळ्या गावांच्या मंडळी गातात. गाड्या जोडून मुक्काम करत आम्ही गेलो. तिथल्या धबधब्याला त्या साली पाणी बरं होतं. आम्हाला दरडीच्या अंगाला बसायची जागा मिळाली, सकाळची वेळ, उडणाऱ्या तुषारांनी टाळही ओले होत होते. गर्दी मोठी. भगवानराव पांढरा फेटा बांधून पुढं बसले होते आणि शेजारच्या गावच्या पाटलाला सांगत होते, "आता बघा, आमचा गुरव."

उत्तरेश्वर गायला. इतका चांगला तो कधी गायला नव्हता, हे मी खात्रीनं सांगतो; बाकी कशाची मला खात्री नाही. चढणीचं कडवं आलं. बायांनी ताट पेटवलं. धबधब्याकडून वाऱ्याचा झोत आला आणि ज्योत गेली. पुन्हा काडी ओढली, पुन्हा गेली. पदराचा आडोसा करून एक बाई धडपडत होती. उत्तरेश्वरनं ते बघितलं. डोळे मिटले आणि शेवटचं कडवं म्हटलं.

पूर्ण म्हटलं. 'नेली माझ्या डोळ्यानं' यावर तो थांबला आणि सनई त्यानं उचलली नाही.

पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मग मागून कुणीतरी ओरडलं, "अरं, मंगल कर की!" दुसरा म्हणाला, "देवाच्या दारात असं कुनी ठिवतं का?" माणसं उठायला लागली. एक बाई कडेवरचं लेकरू पदरात झाकून निघून गेली. भगवानराव उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. "उत्तरेश्वर, मंगल कर," ते दबक्या आवाजात म्हणाले, "समदं गाव बघतंय."

उत्तरेश्वर हात जोडून म्हणाला, "झालं मालक. एवढंच हाय."

मग शेजारच्या गावच्या मंडळींनी घाईनं आपला पखवाज ओढला आणि आरती धरली. लोक तिकडं वळले.

मंजुळाबाई जागची उठली नव्हती. गर्दी पांगल्यावर उत्तरेश्वर तिच्यापुढं जाऊन बसला. मी टाळ पुसत तिथंच होतो. ती म्हणाली, "तुमी बघितलं ते मला ठावं हाय. आश्रुबानं सांगावा आनला तवाच सांगितलं. म्या कधी काडलं का तोंडातनं?"

"न्हाई आत्या."

"मंग आज कावून?"

"ती अडकलीय. तिला सांगाया पायजे हुतं."

"तिला?" म्हातारी म्हणाली. "आवो, ती तर कवाच गेली. अडकलेली मी हाय. गान्यात येती तेवढीच येती माझी लेक. तेवढी तरी आनायची हुती."

त्यानं तिचे पाय धरले. तिनं ते ओढून घेतले नाहीत, पण हातही ठेवला नाही.

परतीच्या वाटेवर ती त्याच्या गाडीत बसली नाही. घाटनांदूरला आल्यावर तिनं आपलं गाठोडं उचललं आणि भावकीतल्या एका घरी राहायला गेली. तिथं तिला सुख नव्हतं, हे गावाला दिसत होतं. उत्तरेश्वर ज्वारी घेऊन जायचा, ती घरातली सून घ्यायची, म्हातारी बाहेर यायची नाही.

मी त्याला एकदा विचारलं, "सुटली का रे ती? गंगासागर?"

तो पत्ती घासत होता. "मला वाटलं हुतं, कायतरी कळंल," तो म्हणाला. "म्हनलं, वारं तरी पडंल, न्हाईतर सपनात तरी यील. कायच झालं न्हाई. म्हनायच्या आदी जसं हुतं तसंच हाय. आता म्हनायचंबी राह्यलं न्हाई."

त्याला पुन्हा कुणी गायला बोलावलं नाही. त्याचा आवाज अशुभ ठरला. आश्रुबा दुसऱ्या मंडळीत वाजवायला जाऊ लागला. पोट होतं, त्याला दोष देता येत नाही. अर्फेबुवाचं आख्यान मात्र थांबलं नाही. आता इतर लोक ते म्हणायचे, महादेवाच्या शेवटासकट, आणि उत्तरेश्वरपेक्षा ठसक्यात म्हणायचे.

पुढच्या श्रावणात भगवानरावांनी शेजारच्या गावची तीच मंडळी आमच्या देवळात बोलावली. कोणतं आख्यान लावणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या सकाळी मी नगारखान्यात गेलो आणि उत्तरेश्वरला म्हणालो, "आज त्रिंबकला वाजवू दे. तू माझ्याकडं जेवायला ये."

"आरतीला सनई लागती," तो म्हणाला. "गुरव मी हाय, त्रिंबक न्हाई."

तिसऱ्या प्रहरी मंडप भरला. मंजुळाबाईला दोघींनी धरून आणून पुढं बसवलं. गाणारा तरुण होता, आवाज मोकळा. चढणीच्या कडव्याला बायांनी ताट पेटवलं, ज्योत सरळ उभी राहिली. महादेव आला, अस्तुरी घरी आली, गजर झाला. गाणाऱ्यानं वर नगारखान्याकडं बघून हात केला.

वरून सनई सुरू झाली. एकही सूर चुकला नाही. मी कान देऊन ऐकत होतो, कुठं तरी थरथर यावी असं मला वाटत होतं, पण आली नाही. आरती संपेपर्यंत तो व्यवस्थित वाजवत राहिला. खाली मंजुळाबाई टाळ्या वाजवत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तो खाली उतरला तेव्हा प्रसाद वाटणं चाललं होतं. एक अनोळखी बाई साखरफुटाण्यांची परात घेऊन माणसांमधून फिरत होती. त्याच्यापाशी आल्यावर ती हसून म्हणाली, "आली बया एकदाची घरी. तोंड गोड करा, दादा."

उत्तरेश्वरनं ओंजळ पुढं केली. फुटाणे घेतले, कपाळाला लावले, आणि तिथंच खांबापाशी उभं राहून एकेक करून खाल्ले.